कयाक घेण्याआधी गोठ्याची तुळई मोजा

पत्राचा सारांश : बेळगावात टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पन्नाशीला एक वर्ष कमी असलेल्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. गेल्या नाताळच्या सुटीत गणेशगुडीच्या बाजूला काळी नदीच्या संथ पाण्यात त्यांनी तासभर कयाक (दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी, चिंचोळी होडी) वल्हवली आणि तेव्हापासून आपली स्वतःची कयाक असावी असे त्यांच्या मनाने घेतले आहे. माहेर खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठी. गावच्या बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला जवळपास किलोमीटरभर पाणी तुंबते आणि तिथेच वल्हवण्याचा बेत आहे. पन्नास हजार रुपये बाजूला काढलेले आहेत. यजमानांच्या मते घ्यायची तर एकदाच, मोठी आणि दोघांची घ्यावी. ओळखीतून साडेबारा फुटांची, वापरलेली, दोन आसनांची कयाक चाळीस हजारांत मिळते आहे आणि विकणाऱ्याला पावसाच्या आत उत्तर हवे आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, हवा भरायची घ्या, कपाटात मावेल. भाऊ म्हणतो, "आक्का, आणून टाक गोठ्यात, जागा हाय." स्वतःचे वजन ६२ किलो, यजमानांचे ८४. पोहणे लहानपणी विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेले, पण त्यालाही पंचवीस वर्षांचा खंड पडला आहे. "पाणी शांत असल्याने धोक्याचा प्रश्न नाही, कोणती घ्यावी आणि तिची निगा कशी राखावी एवढेच सांगा," असे त्यांनी लिहिले आहे.

प्रिय ताई,

तुमच्या घरातल्या तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले आहेत आणि त्यांतला सर्वांत उपयोगी सल्ला, माझ्या मते, तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकून टाकला आहे. यजमान आणि चिरंजीव दोघेही कयाकविषयी बोलत आहेत. ती ठेवायची कुठे याचा विचार करून बोललेला माणूस एकच, तुमचा भाऊ.

जरा हिशेब करून पाहू. पावसाळा सरल्यावर नदीचा जोर ओसरतो, बरगे बसतात आणि तुमचा फुगवटा तयार होतो. तिथपासून मार्चअखेरपर्यंत पाणी बऱ्यापैकी टिकते असे धरले आणि महिन्यातून दोन रविवार माहेरी जाणे जमले, तर वर्षाकाठी दहा सकाळी तुम्ही पाण्यावर असाल. उरलेले ३५५ दिवस ती कयाक जमिनीवर असेल: कुठेतरी टेकलेली, टांगलेली, कोणीतरी उचललेली किंवा उचलायला कोणी नाही म्हणून पडलेली. हौसेने घेतलेल्या होड्या बुडाल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. नुसत्या पडून राहिलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. तेव्हा ती पाण्यावर कशी चालेल हा प्रश्न दुसरा ठेवावा आणि ती राहणार कुठे, उचलणार कोण, पाण्यापर्यंत जाणार कशी, हा प्रश्न पहिला घ्यावा, असे मला सुचवायचे आहे.

साडेबारा फूट म्हणजे ३ मीटर ८१ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची दोन आसनी प्लास्टिकची कयाक तीस किलोंच्या वरच भरते. ती तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावणार नाही आणि जिन्याच्या वळणावर दोन माणसांची आणि भिंतीच्या रंगाचीही परीक्षा पाहील, म्हणजे टिळकवाडीचे घर या हिशेबातून बाद झाले. राहिला गोठा. तो असल्यामुळे बेळगाव ते खानापूर ही पंचवीसेक किलोमीटरची वाहतूकही दर वेळी करावी लागत नाही, ही मोठीच सोय आहे. पण गोठ्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर तुम्ही कळवलेले नाही. ते मोजायची एक साधी रीत सांगतो. घरातली बांबूची शिडी घ्या, तिच्या मधोमध पंचवीस किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा, एक टोक तुम्ही धरा, दुसरे वहिनींना धरायला सांगा आणि गोठ्यापासून नदीच्या काठापर्यंत चालत जाऊन परत या. परत येणे महत्त्वाचे, कारण नदीवरून घराकडची वाट बहुधा चढाची असते आणि ती तुम्हाला थकल्यावर चढायची आहे. हे दोघींना हसतखेळत जमले, तर एकट्याच्या बसण्याची, वीस ते चोवीस किलोंची कयाक तुम्हाला कायम झेपेल. नाही जमले, तर तीस किलोंच्या वरची दोन आसनी कयाक कितीही स्वस्त मिळाली तरी तुमच्या कामाची नाही, कारण दर वेळी भावाला शेतातून हाक मारावी लागेल आणि तिसऱ्या हाकेनंतर तुम्हालाच संकोच वाटू लागेल.

आता दोन आसनांविषयी, म्हणजे खरे तर यजमानांविषयी. काळी नदीवरच्या त्या तासाबद्दल तुम्ही पत्रात लिहिले आहे की, "तासभर कोणी मला काही विचारले नाही." पत्रातले हे वाक्य मला सगळ्यांत खरे वाटले. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने आणि मागच्याने एका तालात वल्हवावे लागते, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. साहजिकच तिथे दर दोन मिनिटांनी कोणीतरी कोणाला काहीतरी विचारत किंवा सांगत असते. ज्यांना ते आवडते त्यांच्यासाठी ती कयाक उत्तम आहे. पण दोघांचीच घेऊ, एकटीला जायचे असेल तेव्हा एकटी जाईन, ही समजूत तपासून पाहावी. दोन आसनी कयाकच्या मागच्या आसनावर एकटे बसले की पुढचे टोक पाण्याबाहेर उचलले जाते आणि थोड्याशा वाऱ्यानेही ती भलतीकडे वळते. काहींत मधोमध तिसरी बैठक असते, त्यांत एकट्याचे भागते, पण वजन आणि लांबी तेवढीच राहते.

शिवाय भाराचे गणित आहे. कयाकवर लिहिलेली कमाल भारक्षमता ही ती कशीबशी तरंगण्याची मर्यादा समजावी. आरामात चालवायची तर त्याच्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त भार घालू नये. तुम्हा दोघांचे वजन १४६ किलो, त्यात पाणी, डबा, पाण्यावर तरंगते ठेवणारे लाइफ जॅकेट असे दहा किलो धरले तर १५६. म्हणजे दोघांसाठी किमान २३४ किलो क्षमतेची कयाक हवी. विकणाऱ्याकडे ती किती आहे, हे तुम्ही विचारलेले दिसत नाही. एकट्याच्या कयाकसाठी तुमच्या वजनाला १०५ किलो क्षमता पुरते, पण यजमानही अधूनमधून बसणार असतील तर १४०च्या आसपासची पाहावी, म्हणजे एकीत दोघांचे आळीपाळीने भागेल.

यजमानांना एक प्रश्न मात्र जरूर विचारा: त्यांना वल्हवायची इच्छा आहे, की तुम्ही पाण्यात एकट्या असू नये अशी काळजी आहे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काळजी असेल तर ती रास्त आहे आणि तिच्यासाठी दुसऱ्या आसनाची गरज नाही; काठावर दोर, शिट्टी आणि थर्मासमधला चहा घेऊन बसलेला माणूस ती काळजी अधिक चांगली वाहतो. वल्हवायची इच्छा असेल, तर एक हंगाम आळीपाळीने काढा आणि पुढच्या दिवाळीला दुसरी एकट्याची घ्या.

आकाराविषयी. कृष्णाकाठी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसे आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहेत. काहील पसरट असल्याने सहज कलंडत नाही, पण वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर गरगर फिरते. उलट शर्यतीची लांब, चिंचोळी होडी बाणासारखी सरळ जाते, पण नवख्याला तिच्यात बसल्या जागी घाम फुटतो. सगळ्या कयाक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. आठ फुटांची कयाक काहिलीच्या अधिक जवळची. ती उचलायला हलकी असते, पण सरळ ठेवता ठेवता माणूस दमतो. बारा फुटांची हिडकलसारख्या मोठ्या जलाशयावर छान धावते. तुमच्या किलोमीटरभर फुगवट्याला दहा फूट लांब आणि ७५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद, एवढी पुरे.

बसण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत पाय होडीच्या पोटात जातात, दुसरीत माणूस वरच्या खळग्यात उघड्यावर बसतो. या दुसरीला बाजारात सिट-ऑन-टॉप म्हणतात. तुम्ही ही दुसरीच घ्यावी. पहिली उलटली की पाण्याने भरते आणि ती मोकळी करायला काठ गाठावा लागतो. दुसरी उलटली तर सरळ करून पुन्हा वर चढता येते, कारण तिचे पोट बंद असते. तिच्या बैठकीत आरपार भोके असतात, ती आत आलेले पाणी आपोआप खाली जाण्यासाठी. त्यांतून थोडे पाणी वरही येते आणि बूड ओले होते. घाबरून ती भोके कायमची बुजवू नयेत. चुडीदार ओला होऊ द्यावा.

वल्ह्यावर मात्र कंजूषपणा करू नका, असे आग्रहाने सांगतो. मिनिटाला पंचवीस फटके धरले तरी तासाला दीड हजार होतात. वल्हे दोनशे ग्रॅमने जड असेल तर तासाभरात तीनशे किलो जास्तीचे उचलल्यासारखे होते आणि ते सारे खांद्यांना कळते. तुमची उंची पाच फूट तीन इंच आहे असे धरले, तर या रुंदीच्या कयाकला २२० ते २३० सेंटिमीटर लांबीचे वल्हे योग्य होईल. पन्नास हजारांतला पाचवा हिस्सा वल्हे आणि जॅकेट यांच्यासाठी आधीच वेगळा काढा आणि उरलेल्यात कयाक बसवा.

चिरंजीवांच्या सूचनेला मी हसणार नाही. चांगल्या जाड कापडाची हवेची कयाक हे खेळणे नसते आणि भावाचा गोठा नसता तर मीही तुम्हाला तीच घ्यायला सांगितले असते. पण ती कपाटात मावते ती कोरडी असताना. प्रत्येक वेळी पंप मारून फुगवणे, परत आल्यावर शिवणींतले पाणी पुसणे, सावलीत पूर्ण सुकवणे आणि मग घडी घालणे, हे सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत करायचे आहे. किंचित ओलसर राहिली तर बेळगावच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचे ठिपके धरतात आणि तो वास पुढे जाता जात नाही. वारा तिला अधिक ढकलतो. उन्हात काठावर ठेवली तर आतली हवा फुगते, म्हणून थोडी सोडावी लागते. आणि आपल्या काठांवर बाभळीचे काटे असतात, उसाच्या तोडलेल्या बुडख्यांची टोकेही असतात. जे सदनिकेत राहतात, ज्यांचे माहेर नदीकाठी नाही आणि जे आज इथे, उद्या तिथे जाऊ इच्छितात, त्या वाचकांनी मात्र हवेचीच कयाक पाहावी.

आता तुमच्या ज्या वाक्यावर मला सर्वांत जास्त थांबायचे आहे, ते म्हणजे "पाणी शांत असल्याने धोक्याचा प्रश्न नाही." ताई, ते पाणी शांत आहे ते बंधाऱ्यामुळे, आणि धोका आहे तोही बंधाऱ्यातच. बंधाऱ्यावरून किंवा बरग्यांच्या फटींतून खाली पडणारे पाणी तळाशी आपटून उलटे फिरते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे येते. त्या भोवऱ्यात सापडलेला ओंडका तासन् तास तिथेच वरखाली होत राहिलेला तुम्ही लहानपणी पाहिला असेल. माणसाचेही तेच होते, अंगात जॅकेट असले तरी. वरच्या बाजूने येणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, नुसती पाण्याची सपाट कडा दिसते. म्हणून बंधाऱ्यापासून निदान शंभर मीटर अलीकडे काठावरचे एखादे झाड खुणेचे ठरवा आणि त्याच्या पुढे कधीही जाऊ नका, पाणी कितीही निवांत दिसले तरी. बरगे कोण काढतो, कधी काढतो, हे त्या माणसालाच विचारून ठेवा, कारण खालच्या गावांसाठी पाणी सोडले की तुमच्या शांत फुगवट्याला ओढ लागते. त्याचा फोन नंबर तुमच्याकडे असणे हे कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाचे आहे.

आपल्या भागातल्या इतर वाचकांसाठी आणखी काही. राकसकोपचे पाणी बेळगाव पिते, तिथे उतरण्याचा विचारही नको. हिडकल आणि नविलुतीर्थ यांसारख्या धरणांच्या जलाशयांत उतरण्यापूर्वी पाटबंधारे खात्याला विचारावे. हिडकलच्या पाण्यात तर हुन्नूरचे जुने विठ्ठल मंदिर बुडालेले आहे आणि पातळी उतरत जाते तसतसे दगडी बांधकाम तळाला कुठे लागेल याचा नेम नसतो. धुपदाळचा परिसर १९७४पासून घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन खात्याची परवानगी लागेल आणि पक्षी उठवायला जाऊ नये हे वेगळे सांगायला नको. दांडेलीच्या बाजूला काळीत आणि चिकोडी-अथणीच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात सकाळी त्या उन्हाला काठावर येतात, म्हणजे नेमक्या आपल्या वेळेला. गणेशगुडीला सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर प्रवाह बदलतो, आणि तिथे तुमच्याबरोबर रोजचे पाणी ओळखणारा माणूस होता, हे विसरू नका. मलप्रभेवर तो माणूस तुमचा भाऊ किंवा गावातला मासेमार असेल. पहिल्या दिवशी त्यालाच घेऊन काठाने चालत जा; बुडालेली झाडे, पंपांचे पाइप आणि मासेमारीची जाळी कुठे आहेत ते बघून घ्या. वल्हवायला सकाळ बरी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, आणि वीज चमकली की उघड्या पाण्यावरचे सगळ्यांत उंच टोक आपणच असतो. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघा, म्हणजे दमून परतताना वारा पाठीला राहील.

जॅकेटचेही थोडे कळले पाहिजे. बाजारात ५० न्यूटन आणि १०० न्यूटन असे, तरंगते ठेवण्याच्या जोराचे आकडे दिसतात. पन्नासचे जॅकेट काठाजवळ राहणाऱ्या, बऱ्यापैकी पोहणाऱ्या माणसासाठी असते. त्यात हात मोकळे राहतात म्हणून कयाकवाले तेच घालतात. शंभरचे पोहता न येणाऱ्यालाही आधार देते. तुमचा पंचवीस वर्षांचा खंड भरून निघेपर्यंत शंभरचेच घ्या. घालून, पट्टे आवळून, कोणाला तरी खांद्याशी धरून वर ओढायला सांगा; कानापर्यंत चढले तर ते तुमच्या मापाचे नाही. आणि ते अंगात असू द्या, पाठीमागे बांधलेले नको.

निगा राखण्याविषयी लिहिताना माझी स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. बहुतेक प्लास्टिकच्या कयाक आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारख्याच बनतात: पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालून, साचा तापवून फिरवून. टाकीला काही होत नाही, मग कयाकला काय होणार, असे समजून मी माझी पहिली कयाक गच्चीवर दोन विटांवर ठेवून, वरून दोरीने आवळून एक उन्हाळा काढला. मे महिन्यात पाहतो तो विटांच्या जागी तळ आत दबलेला आणि वरचा लाल रंग बोटाला पांढऱ्या भुकटीसारखा लागतो आहे. कयाक उन्हात उलटी ठेवून, गरम पाणी ओतून दबलेले बरेचसे वर आले, कारण हे प्लास्टिक तापले की मूळ आकाराकडे परतू पाहते. पण नांगरासारखा एक खोल ओरखडाही पडलेला होता, त्यात मी दोन पुड्या मळून लावायची एपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरली. ती दगडासारखी वाळली, आणि दुसऱ्याच रविवारी वडीसारखी अखंड निघून पाण्यात गेली. पॉलिथिलीनला असल्या लांब्या किंवा गोंद धरतच नाहीत; ते त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी वितळवून सांधावे लागते, आणि पाण्याच्या टाक्या जोडणारे कारागीर गरम हवेच्या यंत्राने नेमके हेच काम करतात. वरवरचे ओरखडे मात्र तसेच सोडावेत, ते नदीवर गेल्याची खूण आहेत.

तेव्हा गोठ्यात कयाक ठेवायची ती अशी. ऊन लागता कामा नये. कौलांतून किंवा पत्र्याच्या फटीतून येणारा पट्टासुद्धा रोज एकाच जागी पडला तर तिथला रंग उतरतो. नुसती जमिनीवर सपाट ठेवू नये आणि टोकांना दोर बांधून तर कधीच टांगू नये, मधला भाग झोळासारखा खाली येतो. पलंगाची रुंद नवार घ्या, तुळईला दोन झोळ्या बांधा, प्रत्येक झोळी टोकापासून एक तृतीयांश अंतरावर, आणि त्यांत कयाक कुशीवर किंवा पालथी ठेवा. दहा फुटी कयाकसाठी तुळईखाली साडेदहा-अकरा फुटांची मोकळी लांबी आणि म्हशींच्या डोक्यापेक्षा पुरेशी उंची लागेल. दर वेळी पाण्यातून काढली की चिखल धुऊन, बूच उघडून, आतले पाणी निथळू द्यावे आणि झाकणे किलकिली ठेवावीत, नाहीतर आत कुबट वास धरतो. गोठ्यात कुंभारीण माशी निचऱ्याच्या भोकात मातीचे घर बांधते, म्हणून त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवा. धुण्यासाठी सौम्य साबण पुरतो. रॉकेल, थिनर लावू नका. वल्ह्याचा मधला जोड दर वेळी सोडवून धुवावा, कारण तिथे वाळूचा कण अडकला की दोन तुकडे जन्माचे एक होतात. त्याला ग्रीस लावण्याचा मोह होतो, पण ग्रीसला वाळू अधिकच चिकटते. जॅकेट सावलीत वाळवावे आणि त्याची बसायला उशी करू नये. कयाक कधी दुसऱ्या पाण्यावर नेली तर आधी पूर्ण धुऊन वाळवा. जलपर्णीचा एक धुमारा अडकून गेला तरी तिकडचे तळे भरायला तो पुरतो.

वल्हे मात्र गोठ्यात न ठेवता घरात, कुलपात ठेवा. भावाची मुले आणि त्यांचे मित्र होडीकडे बघत दिवस काढणार आहेत, आणि वल्हे नसले की होडी नुसती बघण्यापुरती राहते. पावसाळ्यात कोणी पुरात न्यायला मागितली तर भावाने स्पष्ट नाही म्हणावे, असे आत्ताच ठरवून ठेवा. २०१९च्या ऑगस्टमधले पाणी तुम्ही पाहिले आहे. तसल्या प्रवाहासाठी ही वस्तू नाही. त्या वर्षी गोठ्यात पाणी कुठवर आले होते तेही भावाला विचारा आणि झोळ्या त्याच्या वर बांधा.

राहता राहिली विकणाऱ्याची घाई. ती त्याची आहे, तुमची नाही. आज घेतलेली कयाक नोव्हेंबरपर्यंत पडूनच राहणार आहे आणि तेवढ्या महिन्यांत दुसरी कोणीतरी विकायला काढेलच. तरी ती किंवा पुढे दुसरी कोणती बघायला गेलात, तर संध्याकाळी, टॉर्च आणि बादली घेऊन जा. टॉर्च झाकणातून आत सोडला की बारीक चिरा आणि झिजून पातळ झालेला भाग बाहेरून उजळतो. विशेषतः आरपार भोकांच्या कडा आणि जमिनीवर ओढत नेल्याने घासलेले मागचे टोक नीट पाहा. मग आत दोन बादल्या पाणी ओता, ती इकडून तिकडे कलती करा आणि बाहेर कुठे थेंब येतो ते बघा. अंगठा घासून पांढरी भुकटी लागली तर ती बराच काळ उन्हात होती असे समजा. बादली आणण्याला विकणारा हरकत घेत असेल, तर चहा घेऊन परत या.

पावसाचे चार महिने तुमच्याकडे मोकळे आहेत. बेळगावातल्या एखाद्या पोहण्याच्या तलावात नाव नोंदवा आणि आठवड्यातून दोनदा जा; डबा न बांधता पन्नास मीटर सावकाश जमले तरी पुरे. नोव्हेंबरात कयाक आली की पहिल्या दिवशी वल्हवू नका. छातीइतक्या पाण्यात, जॅकेट घालून, ती मुद्दाम उलटवा, सरळ करा, पोट आडवे टाकून वर चढा आणि मग वळून बसा. पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने पुन्हा पाण्यात पडाल, सगळेच पडतात. लागोपाठ तीनदा जमेपर्यंत हेच करायचे आहे आणि भावाने शेजारी उभे राहायचे आहे, तेव्हा भाताची मळणी उरकलेली असेल असाच रविवार निवडा.